फोनवर घेतलेले व्हिडिओ टीव्हीवर आडवे दिसतात. ते कायमचे सरळ कसे करावेत?

सिंहगड_रस्ता (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. गेल्या महिन्यात माझ्या आजीचे सहस्रचंद्रदर्शन कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात झाले. छायाचित्रकार बोलवायचा नाही असे आजीनेच बजावले होते, त्यामुळे मी, माझा आतेभाऊ आणि काका अशा तिघांच्या फोनवर जे टिपले गेले तेवढेच चित्रण आमच्याकडे आहे. लहानमोठे मिळून ४१ तुकडे आहेत. येत्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभागृहातल्या मोठ्या टीव्हीवर ते सगळ्या नातेवाइकांना दाखवायचे ठरले आहे.

अडचण अशी आहे की बरेचसे तुकडे फोनवर आणि माझ्या संगणकावर सरळ दिसतात, परंतु पेनड्राइव्हने टीव्हीला जोडले की माणसे आडवी झोपलेली दिसतात. सात तुकडे मात्र सगळीकडेच आडवे आहेत, अगदी ज्या फोनवर घेतले त्या फोनवरसुद्धा. शिवाय काकांच्या फोनमधले दोन तुकडे पूर्ण उलटे आहेत. त्या आडव्या तुकड्यांमध्येच औक्षण आहे, आणि आजीने आयत्या वेळी म्हटलेली जात्यावरची ओवीही आहे, म्हणून ते गाळून टाकता येणार नाहीत.

माझे दोन प्रश्न आहेत. असे मुळात का होते? आणि चित्राचा व आवाजाचा दर्जा न घालवता ते कायमचे दुरुस्त कसे करावे? संगणक विंडोजचा आहे.

टेकडीवरचा | सोमवार, रात्री ९.५५

व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा, कंट्रोल आणि ई ही कळ दाबा, व्हिडिओ इफेक्ट्समध्ये जिऑमेट्री निवडा आणि ट्रान्सफॉर्मवर खूण करून ९० अंश फिरवा. दोन मिनिटांचे काम आहे.

सिंहगड_रस्ता | सोमवार, रात्री १०.०५

आभारी आहे, पण तो प्रयोग मी आधीच केला आहे. फिरवलेले चित्र तेवढ्यापुरते सरळ दिसते. फाइल टीव्हीवर नेली की पुन्हा आडवी ती आडवीच.

निवृत्त_अभियंता | सोमवार, रात्री ११.२०

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले तर दुसऱ्याचे उत्तर त्यातूनच निघेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फोनमधला प्रतिमा टिपणारा सेन्सर फोनच्या आत एकाच स्थितीत पक्का बसवलेला असतो. तुम्ही फोन उभा धरा किंवा आडवा, त्या सेन्सरकडून येणारी प्रत्येक चौकट एकाच मापाची असते, म्हणजे साधारणपणे १९२० बिंदू रुंद आणि १०८० बिंदू उंच. उभ्या धरलेल्या फोनने टिपलेला माणूस त्या चौकटीत अक्षरशः आडवा पडलेला असतो. सेकंदाला ३० चौकटी धरल्या तर सव्वासहा कोटींच्या आसपास बिंदू होतात. हे सगळे बिंदू फिरवून नव्याने मांडण्याचे कष्ट फोन घेत नाही. चित्र जसे आले तसे साठवतो आणि फाइलच्या शीर्षभागात एक छोटीशी सूचना लिहून ठेवतो की दाखवताना हे ९० अंशांनी फिरवून दाखवावे. एमपी४ ही रचना मुळात अ‍ॅपलच्या क्विकटाइम फाइलवरून घेतलेली आहे. तिच्यात प्रत्येक चित्रमार्गाच्या शीर्षभागात नऊ आकड्यांची एक सारणी असते, आणि ही सूचना त्या सारणीत लिहिलेली असते. मी तिला सोयीसाठी चिठ्ठी म्हणतो.

आता चित्र दाखवणारा जर चिठ्ठी वाचणारा असेल तर सगळे सरळ दिसते. व्हीएलसी २०१५ साली आलेल्या २.२ या आवृत्तीपासून ती आपोआप वाचते. विंडोजवरचे अनेक जुने प्लेअर वाचत नसत, आणि पेनड्राइव्हवरून व्हिडिओ दाखवणारे कित्येक टीव्ही आजही वाचत नाहीत. तुमचा पहिला गट हा आहे. या फायलींत काहीही बिघडलेले नाही, टीव्हीला चिठ्ठी वाचता येत नाही इतकेच.

दुसरा गट वेगळा आहे. तिथे चिठ्ठीच चुकीची लिहिली गेली आहे. चिठ्ठीत काय लिहायचे हे फोन त्वरणमापकाला विचारून ठरवतो. गुरुत्वाकर्षणाची ओढ पडद्याच्या लांबीच्या दिशेने आहे की रुंदीच्या, हे तो मोजतो. फोन जमिनीला समांतर, कॅमेरा खाली करून धरला, तर ती ओढ पडद्याच्या आरपार जाते, आणि लांबी व रुंदी या दोन्ही दिशांना जवळजवळ शून्य भरते. मग फोन आधीची जी कोणती स्थिती धरून बसला असेल तीच लिहितो. त्यातच भर म्हणजे ही नोंद चित्रण सुरू होण्याच्या क्षणी एकदाच होते, पुढे तुम्ही फोन सरळ केला तरी ती बदलत नाही. औक्षणाचे चित्रण ताटावरून सुरू केले होते का, ते आठवून पाहावे.

सिंहगड_रस्ता | सोमवार, रात्री ११.३५

हो! निरांजनाच्या ताटावरून सुरुवात करून मग आजीच्या चेहऱ्याकडे फोन नेला होता. सातही तुकडे आताच पुन्हा पाहिले. त्यांतल्या पाचांची सुरुवात ताट, रांगोळी किंवा पानावर वाढलेले जेवण यांपासून आहे. काका म्हणाले होते की माझा फोन जुना झाला म्हणून असे होते, पण त्यात फोनचा काही दोष नाही हे आता कळले.

ढोलपथक_सदस्य | मंगळवार, सकाळी ७.५०

अभियंता काकांनी सांगितलेल्या कारणाने आमच्या पथकाचे एक अख्खे वर्ष वाया गेले होते. गणपतीच्या आधी नदीपात्रात सराव चालतो तेव्हा रांगा सरळ आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी मी पुलाच्या कठड्यावरून फोन खाली करून चित्रण करत असे. घरी येऊन पाहावे तर कधी ताशेवाले डावीकडे, कधी वर, आणि दोन दिवसांची तुलना करणे अशक्य. तेव्हापासून आमचा नियम आहे: आधी फोन छातीसमोर सरळ धरायचा, चित्रणाचे बटण दाबायचे, एक श्वास थांबायचे आणि मगच फोन खाली वळवायचा. नोंद सुरुवातीलाच होत असल्यामुळे ती बरोबर राहते. सुरुवातीचा एक सेकंद नंतर कापून टाकता येतो. पुढच्या समारंभासाठी ताईंनी घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवावे.

कर्वेनगर_काकू | मंगळवार, सकाळी ९.१५

इतके खोलात जाण्याची आवश्यकता आहे का? व्हिडिओ फिरवून देणारी कितीतरी संकेतस्थळे आहेत. फाइल चढवावी, बाण दाबावा, सरळ झालेली फाइल उतरवून घ्यावी. मी नातवाच्या मुंजीचे तुकडे असेच सरळ केले, आणि मला कोणतीही आज्ञावली शिकावी लागली नाही.

संकलक | मंगळवार, सकाळी १०.३०

काकू, तुमचे काम झाले हे खरे आहे, तरीही मी या मार्गाच्या विरोधात आहे आणि त्याची कारणे स्पष्ट लिहितो.

घरगुती समारंभाच्या चित्रणात लहान मुले असतात, घराचा पत्ता दिसणारी पाटी असते, वृद्ध माणसांच्या अंगावरचे दागिने असतात. ते अनोळखी संगणकावर चढवल्यानंतर तिथे किती दिवस राहते हे आपल्या हातात उरत नाही. शिवाय यांतली बरीच स्थळे फाइलचा आकार मर्यादित ठेवतात आणि चित्र पुन्हा दाबून लहान करून देतात. मूळ फाइल जपून ठेवलेली नसेल तर तेवढा तपशील कायमचा गेला.

मी अनेक वर्षे संकलनाचे काम करतो. आपल्या पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. फिल्मच्या काळात शिकलेल्या प्रत्येकाच्या हातात एक सवय मुरलेली असे, की मूळ निगेटिव्हला शक्यतो हात लावायचा नाही, खेळ दाखवायचे ते प्रिंटवरून. आजीच्या ओवीची फोनमधली फाइल ही तुमची निगेटिव्ह आहे. आधी ४१ फायली जशाच्या तशा एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. त्या व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून मागवलेल्या असतील तर त्या आधीच दाबल्या गेलेल्या आहेत. आतेभावाला त्या डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा केबलने घ्या. हे झाल्याशिवाय फिरवाफिरवीला सुरुवात करू नका.

सिंहगड_रस्ता | मंगळवार, सकाळी ११.००

आतेभावाचे सर्व तुकडे व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणूनच आले होते. आज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन केबलने मूळ फायली आणते.

लिनक्सप्रेमी | मंगळवार, दुपारी १.१०

निवृत्त_अभियंता यांनी केलेली विभागणी पक्की धरून ठेवावी, कारण दोन्ही गटांचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की गोंधळ वाढतो. मी स्वतः एफएफएमपेग वापरतो. आज्ञा लिहून व्हिडिओ बदलण्याचे हे मोफत आणि मुक्त साधन विंडोजवरही चालते.

कोणत्या फाइलमध्ये कोणती चिठ्ठी आहे हे पाहण्यासाठी मीडियाइन्फो नावाचे छोटे साधन घ्यावे. त्यात रोटेशन या ओळीपुढे ९०, १८० किंवा २७० अंश असे लिहिलेले दिसते. ती ओळच नसेल तर फाइलला फिरवण्याची सूचना नाही असे समजावे.

चिठ्ठी चुकीची असेल तर फक्त चिठ्ठी बदलावी, चित्राला हात लावू नये. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी डिस्प्ले रोटेशन हा पर्याय मूळ फाइलच्या नावाच्या आधी द्यायचा आणि कोडेक कॉपी असे सांगायचे. चित्र आणि आवाज बिंदुमात्र न बदलता नव्या फाइलमध्ये उतरतात, आणि पाच मिनिटांच्या तुकड्याला काही सेकंद लागतात. जुन्या लेखांत मेटाडेटा रोटेट अशी वेगळी आज्ञा दिलेली आढळेल, ती नव्या आवृत्त्यांत उपयोगी पडत नाही. अनेक जण तिथेच अडकतात आणि साधनच निकामी आहे असे समजून सोडून देतात.

बिंदू प्रत्यक्ष फिरवायचे असतील तर ट्रान्सपोज नावाची गाळणी (फिल्टर) आहे. तिला १ हा आकडा दिला की चित्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९० अंश फिरते आणि २ दिला की उलट दिशेने. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की डिस्प्ले रोटेशनमधले अंश मात्र काट्यांच्या उलट दिशेने मोजले जातात. म्हणून पहिल्या प्रयत्नात चित्र भलतीकडे वळले तर घाबरू नये, ९० च्या जागी २७० द्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचा खड्डा. एफएफएमपेग रूपांतर करताना, म्हणजे चित्र नव्याने दाबून दुसरी फाइल बनवताना, चिठ्ठी स्वतःहून वाचतो, चित्र त्याप्रमाणे फिरवतो आणि नव्या फाइलमधली चिठ्ठी काढून टाकतो. म्हणजे ताईंच्या पहिल्या गटासाठी, जो फक्त टीव्हीवर आडवा दिसतो, कोणतीही गाळणी न लावता नुसते रूपांतर केले तरी टीव्हीवर सरळ चित्र मिळेल. तिथे उत्साहाने ट्रान्सपोज लावले तर चित्र दोनदा फिरेल. मी माझ्या बहिणीच्या साखरपुड्याचे वीस तुकडे रात्रभर असेच उलटसुलट करत बसलो होतो.

टेकडीवरचा | मंगळवार, दुपारी २.२०

दर्जाविषयी येथे जरा जास्तच भीती घातली जात आहे असे माझे मत आहे. एकदा रूपांतर केल्याने सभागृहातल्या टीव्हीवर कोणालाही फरक दिसणार नाही. टीव्ही चिठ्ठी वाचत नाही हे ठरलेच असेल तर ताईंना बिंदू फिरवावेच लागतील, मग चिठ्ठी दुरुस्त करत बसण्यात अर्थ काय?

संकलक | मंगळवार, दुपारी ३.०५

टीव्हीसाठी रूपांतर अटळ आहे, हे मान्य. माझा आग्रह दोन गोष्टींपुरता आहे. रूपांतर एकदाच व्हावे, आणि ते मूळ फाइलवरून व्हावे. आज फिरवण्यासाठी, उद्या कापण्यासाठी आणि परवा जोडण्यासाठी अशा तीन वेळा चित्र दाबले गेले की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसट होऊ लागतात, आणि ८१ वर्षांच्या चेहऱ्यावर त्याच तर पाहायच्या असतात. दर्जा ठरवणारा जो आकडा असतो, ज्याला सीआरएफ म्हणतात, तो एच २६४ या चित्र दाबण्याच्या पद्धतीसाठी मूळचा २३ असतो. तो १८ केला तर फाइल मोठी होते पण चित्र चांगले राहते. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला, हे उलटे गणित नवख्यांना चकवते. आवाज मात्र तसाच उतरवून घ्यावा, त्याला पुन्हा दाबण्याचे काहीच कारण नाही.

चिठ्ठी का दुरुस्त करायची तर पुढच्या पिढीसाठी. पाच वर्षांनी टीव्ही बदलेल, तेव्हा मूळ दर्जाची सरळ दिसणारी प्रत घरात असावी.

लिनक्सप्रेमी | मंगळवार, दुपारी ३.२०

+१. आणि यातून कामाचा क्रमही सरळ होतो. चुकलेल्या फायलींची आधी चिठ्ठी दुरुस्त करावी, व्हीएलसीमध्ये ती सरळ दिसते याची खात्री करावी आणि मग सगळ्या फायली कोणतीही गाळणी न लावता रूपांतरित कराव्यात. ट्रान्सपोजची गरजच पडत नाही.

नृत्यसाधिका | मंगळवार, सायंकाळी ५.४५

मी पेठेत भरतनाट्यम शिकवते. या विषयातल्या एका वेगळ्याच चुकीकडे लक्ष वेधावेसे वाटते. चित्र फिरवणे आणि चित्राची आरशातली प्रतिमा करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, परंतु बहुतेक साधनांत त्यांची बटणे शेजारी शेजारी असतात. व्हीएलसीच्या त्याच ट्रान्सफॉर्मच्या यादीत फ्लिप हा शब्दही आढळतो. उलट्या दिसणाऱ्या चित्राला उभे करण्यासाठी कोणी फक्त वरचे खाली केले तर माणूस उभा राहतो, पण त्याचा उजवा हात डावा होतो.

एका पालकांनी मुलीच्या रंगप्रवेशाचे चित्रण असे दुरुस्त करून मला पाठवले होते. पूर्ण अलारिप्पू, म्हणजे सुरुवातीचे नृत्य, पाहताना काहीतरी खटकत राहिले आणि ते काय आहे हे शेवटी मागच्या पडद्यावरची अक्षरे उलटी दिसली तेव्हा कळले. नृत्यात उजव्या अंगाने सुरू झालेली अडवू (नृत्यातला मूळ पदन्यास) डाव्या अंगाने दिसणे ही लहान गोष्ट नाही. ताईंच्या प्रसंगातही औक्षणाचे ताट डाव्या हातात दिसेल आणि घरातल्या जाणत्या बायका ते लगेच ओळखतील. काकांचे दोन उलटे तुकडे १८० अंशांनी फिरवावेत, फ्लिप करू नयेत. दुरुस्तीनंतर चित्रात कुठे लिखाण असेल तर ते वाचून पाहावे, ती सर्वांत खात्रीची परीक्षा आहे.

निवृत्त_अभियंता | मंगळवार, सायंकाळी ६.१०

फार मोलाची सूचना. यात एवढीच भर घालतो की पुढच्या कॅमेऱ्याने, म्हणजे सेल्फीच्या बाजूने घेतलेल्या चित्रात काही फोन मुळातच आरशातली प्रतिमा साठवतात आणि काही साठवत नाहीत. तिथे मात्र डावे-उजवे पालटण्याची गरज खरोखर पडू शकते. परीक्षा तीच, अक्षरे वाचून पाहण्याची.

पेठेतली | मंगळवार, रात्री ८.३०

काळ्या खिडकीत आज्ञा लिहिणे मला जमणार नाही, आणि धागाकर्त्या ताईंनाही रविवारपर्यंत ते शिकण्याची सक्ती नसावी. बटणे असलेले साधन कोणते घ्यावे? पूर्वी मी विंडोज मूव्ही मेकर वापरत असे.

संकलक | मंगळवार, रात्री ९.००

मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये बंद केले. आता कुठल्या तरी संकेतस्थळावरून त्या नावाने मिळणारी फाइल उतरवून घेऊ नये.

चिठ्ठी बदलण्यासाठी लॉसलेसकट घ्यावे. त्याच्या खिडकीत फिरवण्याचे बटण आहे, ते दाबत गेले की अंश बदलत जातात. निर्यात केल्यावर चित्र पुन्हा दाबले न जाता नवी फाइल मिळते. बिंदू प्रत्यक्ष फिरवून टीव्हीसाठी प्रत करायची असेल तर हँडब्रेक घ्यावे. त्याच्या डायमेन्शन्स या भागात फिरवण्याचा पर्याय आहे, आणि काम सुरू करण्यापूर्वी नमुना पाहता येतो. तो नमुना न पाहता ४१ फायली रांगेत लावू नयेत. दोन्ही साधने मोफत आहेत.

मॅक असेल तर क्विकटाइम प्लेअरच्या एडिट यादीत डावीकडे किंवा उजवीकडे फिरवण्याची सोय आहे. आयफोनवर २०१९ साली आलेल्या आयओएस १३ पासून फोटो अ‍ॅपमध्येच व्हिडिओ फिरवता येतो. एकदोन तुकडेच असतील तर संगणकापर्यंत जाण्याचीही गरज नाही.

टेकडीवरचा | मंगळवार, रात्री ९.२५

व्हीएलसीनेही कायमचे करता येते, हे माझ्या पहिल्या प्रतिसादात राहून गेले. मीडिया यादीतून कन्व्हर्ट/सेव्ह निवडून, प्रोफाइलमध्ये जाऊन व्हिडिओच्या गाळण्यांपैकी ट्रान्सफॉर्मेशनवर खूण करावी लागते. मात्र आज पुन्हा करून पाहिले तेव्हा तो मार्ग फार वळणावळणाचा वाटला. हँडब्रेक अधिक सोपे आहे, हे मान्य करतो.

कर्वेनगर_काकू | मंगळवार, रात्री ९.५०

संकलकांचे दागिन्यांविषयीचे वाक्य मनात राहिले. मुंजीच्या चित्रणात आमच्या दारावरची पाटी स्पष्ट दिसते, हे मी आज पाहिले. लॉसलेसकट उतरवून घेतले आहे. आणखी एक विचारते: उभे चित्र टीव्हीवर दाखवले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. तिथे त्याच चित्राची धूसर प्रतिमा भरलेली मी वाहिन्यांवर पाहिली आहे. ताईंनी तसे करावे का?

संकलक | मंगळवार, रात्री १०.१५

माझे स्पष्ट मत नाही असे आहे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर उभे चित्र पूर्ण उंचीचे बसवले तर त्याची रुंदी सुमारे ६०८ बिंदू होते, म्हणजे पडद्याचा तिसरा हिस्साही भरत नाही. उरलेल्या दोन हिश्शांत धूसर हालचाल चालू राहिली तर डोळा तिकडे ओढला जातो. काळा पट्टा शांत असतो, त्यात आजी एकटी ठळक दिसेल.

ढोलपथक_सदस्य | मंगळवार, रात्री १०.४०

येथे मी असहमत आहे. आम्ही मिरवणुकीचे चित्रण मोठ्या पडद्यावर दाखवले तेव्हा काळ्या पट्ट्यांमुळे मागच्या रांगेतल्या लोकांना चित्र तोकडे वाटले, धूसर भरणी केल्यावर सभागृह भरल्यासारखे वाटले. लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीला ते शोभते, एका माणसाच्या चेहऱ्याला कदाचित शोभणार नाही, हे मात्र कबूल करतो.

सिंहगड_रस्ता | गुरुवार, रात्री ११.१५

सर्वांना सविस्तर वृत्तान्त देते, कारण इथे ज्यांनी वेळ दिला त्यांना निकाल कळायला हवा.

आतेभावाकडून मूळ फायली केबलने आणल्या. त्याच्या ओवीच्या तुकड्याची व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत आणि मूळ प्रत शेजारी लावून पाहिली, तेव्हा मूळ प्रतीत आजीच्या नथीचे मोती वेगळे मोजता आले. सगळ्या ४१ फायली वेगळ्या डिस्कवर ठेवल्या. मीडियाइन्फोमध्ये एकेक तपासून वहीत नोंद केली. बत्तीस फायलींची चिठ्ठी बरोबर होती, सातांची चुकीची आणि काकांच्या दोन फायलींना चिठ्ठीच नव्हती. लॉसलेसकटने सात फायली ९० किंवा २७० अंशांनी आणि दोन १८० अंशांनी सरळ केल्या. या सगळ्याला मिळून पाऊण तासही लागला नाही. नृत्यसाधिका ताईंनी सांगितल्याप्रमाणे कार्यालयाच्या फलकावरची अक्षरे वाचून पाहिली, ती सुलट आहेत.

नंतर हँडब्रेकमध्ये टीव्हीसाठी प्रती केल्या. दर्जाचा आकडा १८ ठेवला, आवाज जसाच्या तसा उतरवला आणि पट्टे काळेच ठेवले. आज सभागृहात जाऊन चार तुकडे टीव्हीवर लावून पाहिले, चारही सरळ आहेत. आधी सगळ्या तुकड्यांची जोडून एकच फाइल केली होती, ती पेनड्राइव्हवर उतरेना. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने आखलेला होता आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, हे तेव्हा समजले. आता तुकडे क्रमांक देऊन सुटेच ठेवले आहेत.

एकच तुकडा उरला आहे, आणि नेमका ओवीचा. आतेभावाने सुरुवातीला फोन उभा धरला होता आणि ओवीच्या दुसऱ्या ओळीला तो आडवा केला. पहिला भाग सरळ केला की दुसरा झोपतो, दुसरा सरळ केला की पहिला.

निवृत्त_अभियंता | शुक्रवार, सकाळी ६.४०

हे चिठ्ठीने सुटणार नाही, कारण चित्रमार्गासाठी चिठ्ठी एकच असते आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागू होते. हा तुकडा कापून दुसऱ्या भागाचे बिंदूच फिरवावे लागतील.

संकलक | शुक्रवार, सकाळी ८.२०

लॉसलेसकटने कापू नका. न दाबता कापताना तुकडा फक्त मुख्य चौकटीपासून, म्हणजे स्वतंत्रपणे पूर्ण साठवलेल्या चौकटीपासून, सुरू होऊ शकतो, त्यामुळे कात्री अर्धा-एक सेकंद इकडे तिकडे लागते आणि ओवीचे अक्षर तुटते. शॉटकट नावाचे मोफत संकलन साधन घ्या. १९२० बाय १०८० चा प्रकल्प उघडा आणि मूळ फाइल, म्हणजे डिस्कवर जपून ठेवलेलीच, पट्टीवर (टाइमलाइनवर) टाका. फोन वळतो त्या क्षणी चित्र दुभंगा आणि दुसऱ्या भागाला आकार, स्थान व फिरवणे यांची जी एकत्रित गाळणी आहे ती लावून ९० अंश द्या. फिरवलेला भाग चौकटीत लहान किंवा मोठा दिसला तर त्याच गाळणीत त्याचा आकार जुळवता येतो. आवाज मात्र दुभंगण्यापूर्वी वेगळा करून त्याची सलग पट्टी खाली ठेवा, तिला कात्री लागू देऊ नका. चित्र क्षणभर उभ्याचे आडवे झालेले चालेल, ओवी मध्येच तुटलेली चालणार नाही.

वळतानाचा जो अर्धा सेकंद सगळेच तिरके दिसते तो कापू नये. तिथे पहिल्या भागातून दुसऱ्या भागात चित्र हळूच विरघळू द्यावे.

सिंहगड_रस्ता | शुक्रवार, रात्री १०.५०

जमले. आवाज वेगळा करून सलग ठेवला आणि चित्र दुसऱ्या ओळीच्या आधी घेतलेल्या श्वासाशी दुभंगले. वळतानाचा भाग विरघळवला आहे. आईला दाखवले, तिला जोड कुठे आहे हे सांगेपर्यंत कळले नाही. ही फाइल क्रमांक १७ म्हणून पेनड्राइव्हवर गेली आहे, आणि मूळ फाइल डिस्कवर आतेभावाने टिपली तशीच ठेवली आहे.